जसा जोडा, तसा बंध

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी. एक गारपिटीत, तेव्हा शेतातल्या हरभऱ्याकडे बघवत नाही. आणि दुसरा लग्नातल्या पन्ह्याच्या पिंपात. पण घरोघरची मुलं आता परदेशात आहेत. माझ्या पुतण्याची मुलगी कॅल्गरीला असते आणि हिवाळ्यात सुट्टी मिळाली की स्नोबोर्ड घेऊन डोंगरावर जाते. तिनं मागे फोनवर विचारलं, "आजोबा, मला कार्व्हिंग शिकायचंय, सॉफ्ट बूट घालून. बाइंडिंग कोणतं घेऊ? पैसे बरेच जातात, आणि नीट जमलं नाही तर घोट्याची वाट लागते."

विचारलं थट्टेतच. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न सोडवत नाही. पाय कशाला आणि कसा बांधायचा, हा प्रश्न फार जुना आहे हो!

आधी शब्द समजून घेऊ. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पायांखाली एकच लांब फळी. बाइंडिंग म्हणजे त्या फळीला बूट जखडणारा बंध. आणि कार्व्हिंग म्हणजे वळताना फळी न फरफटवता तिच्या कडेवर उभी करून बर्फात बारीक रेघ कोरत जाणं. आपल्या भाषेत सांगायचं तर वखर जमीन खरवडत जातो, तिफण रेघ ओढत जाते. कार्व्हिंग हे तिफणीचं काम.

आता इतिहासाकडे. सांची, मथुरा आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली भाजे लेणी, इथल्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या शिल्पांत घोडेस्वार दिसतात. त्यांचे पाय घोड्याच्या तंगात, म्हणजे पोटपट्ट्यात, खुपसलेले आहेत. लोखंडी रिकीब अजून आलेली नव्हती. पुढे आपल्याकडे फक्त अंगठा अडकवायची छोटी रिकीब आली. अंगठाच का? तर स्वार अनवाणी असे. उष्ण देश. आपली खडावही अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत धरली जाते, आणि वहाणेच्या त्या भागाला आपण आजही 'अंगठा'च म्हणतो.

थंड प्रदेशात मात्र स्वाराच्या पायात जाड बूट. बुटातला अंगठा काय अडकवणार? तिथं अख्खं पाऊल मावेल अशी, न वाकणारी रिकीब हवी. चीनमध्ये चांगशाजवळच्या इ.स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या स्वाराला डाव्या बाजूला एकच रिकीब आहे, ती फक्त वर चढण्यापुरती. नानजिंगच्या इ.स. ३२२ च्या थडग्यातल्या घोड्याला दोन्ही बाजूंना आहेत. म्हणजे रिकिबीचा आकार एकट्या घोड्यानं ठरवला नाही, पायातल्या जोड्यानंही ठरवला. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता एकदम अमेरिकेत, १९६५ च्या नाताळात. मिशिगनमधल्या मस्कीगनच्या शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडल्या. त्याचं नाव पडलं 'स्नर्फर'. त्याला बाइंडिंग नव्हतंच! टोकाला एक दोरी, ती हातात धरायची आणि वर उभं राहायचं. अनवाणी घोड्यावर बसल्यासारखंच. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ साली व्हर्माँटमध्ये स्वतःचे बोर्ड बनवायला सुरुवात केली. १९७९ साली ते मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत पाय अडकवायची सोय असलेला बोर्ड घेऊन गेले, तर त्यांच्यासाठी वेगळा गट काढावा लागला.

तेव्हा पायात काय असे? हिवाळ्यातले नेहमीचे जाड, मऊ बूट. अशा बुटाला नुसते पट्टे आवळले की पाऊल बसतं, पण टाच दाबून वळायचं तर पोटरीला टेकायला काहीच नाही. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाइंडिंगला मागे उंच पाठ आली. तिला हायबॅक म्हणतात. युरोपात मात्र लोक स्कीच्या परंपरेतले. त्यांनी आल्प्समध्ये कडक प्लास्टिकचे बूटच घातले. त्या बुटाला ना पट्टा लागतो ना पाठ. पुढे-मागे धातूची कडी असलेली साधी पट्टी पुरते, कारण सगळा कडकपणा बुटातच आहे.

१९९८ साली जपानमधल्या नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी दिसली. जायंट स्लॅलमच्या शर्यतीत कडक बूट, आणि हाफपाइपच्या कसरतीत मऊ बूट. शर्यतवाले आजही कडक बुटातच उतरतात. बाकीचं जग मऊ बुटांकडे गेलं, कारण त्यात चालता येतं, उड्या मारता येतात, पायाला सुख असतं.

आता आमच्या नातीचा प्रश्न. तिला सुख हवं मऊ बुटाचं आणि रेघ हवी कडक बुटासारखी. इथं ती रिकिबीची गोष्ट कामाला येते. वळताना घोट्याचं बळ फळीच्या कडेपर्यंत पोचवायला कडकपणा कुठं तरी लागतोच. बुटात नसेल तर तो बंधात हवा. १९९० च्या दशकात पट्टे काढून टाकून बूट खटकन अडकवायची बाइंडिंगं निघाली. पट्ट्यांचं काम मग बुटालाच करावं लागलं, त्यासाठी बूट बदलावे लागले. आणि दहाएक वर्षांत त्यातली बहुतेक बाजारातून गेली. २०१७ साली बर्टन कंपनीनं 'स्टेप ऑन' आणलं, तेही त्यासाठीच बनवलेल्या बुटांसकट.

म्हणून मी तिला हे लिहून पाठवलं, ते इथंही देतो. कुणाच्या तरी मुलाबाळांच्या उपयोगी पडेल.

बूट आधी घ्यायचे, बाइंडिंग नंतर. टाच बुटात उचलली जात असेल तर जगातलं कोणतंही बाइंडिंग उपयोगाचं नाही. कडकपणाचे एक ते दहा आकडे दिलेले असतात. ते प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, तेव्हा हातानं वाकवून बघावं. कार्व्हिंगला मधल्यापेक्षा कडक बरं. पण बूट फार लिबलिबीत आणि बंध फार कडक असला तर पट्टा घोट्याला चावतो.

पंजावर वळताना सगळा भार घोट्यावरच्या पट्ट्यावर येतो, म्हणून तो रुंद हवा. टाचेवर वळताना भार हायबॅकवर. तो थोडा पुढे झुकवता येतो आणि फळीच्या कडेला समांतर फिरवताही आला पाहिजे. फार झुकवला तर मांड्या भरून येतात. बाइंडिंगचं माप बुटाच्या मापाशी जुळवायचं आणि बूट फळीवर मधोमध बसवायचा. बोटं किंवा टाच फार बाहेर आली तर फळी कलली की बूटच बर्फात रुततो आणि माणूस आडवा! त्यावर उपाय दोन: फळी रुंद घेणं, किंवा पाय पुढे वळवून बसवणं. नवशिके बहुधा बदकासारखे, दोन्ही पाय बाहेर वळवून उभे राहतात. कार्व्हिंगवाले बरेच जण दोन्ही पाय पुढच्या दिशेला ठेवतात, पुढचा तीस अंशांच्या आसपास आणि मागचा त्याहून कमी.

आणि एक. घोड्यावरून पडलं आणि पाय रिकिबीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, म्हणून रिकिबीतून पाय सुटणं महत्त्वाचं. स्कीची बाइंडिंगं म्हणूनच पडल्यावर सुटतात. स्नोबोर्डची सुटत नाहीत. दोन्ही पाय एकाच फळीवर असल्यानं गुडघा एकटा पिळला जाण्याचा धोका कमी. पण पडताना हात टेकतात आणि मनगटं मोडतात. तेव्हा बाइंडिंगच्या खर्चात मनगटाच्या पट्ट्यांचाही हिशेब धरावा. स्क्रू पहिल्या दिवसानंतर पुन्हा आवळावेत.

तिचं उत्तर आलं, "आजोबा, दुकानदारानं आधी बाइंडिंगच दाखवलं होतं. आता आधी बूट बघते." इतिहास शिकून काय करायचं असं वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. त्या पोरांपैकी कुणी हे वाचत असेल तर बघा, निदान एक घोटा वाचायची सोय झाली.

असो. बर्फाच्या देशात राहणाऱ्या नातलगांनी यात आणखी काही सुचवायचं असेल तर जरूर लिहावं.