वळण नेमके कुठे आहे? चंद्र, पानिपत आणि नागपूरची गादी

१. 'फॉर ऑल मॅनकाइंड' (२०१९) या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्याच भागात जून १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरतो; पण तो असतो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह! अपोलो ११ ची वाट पाहत बसलेला प्रेक्षक अवाक् होतो.

२. धक्का ओसरला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे, बदलले नेमके काय? सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे सूत्रधार सर्गेई कोरोल्योव्ह १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान मरण पावले. मालिकेचे निर्माते रोनाल्ड मूर यांच्या सांगण्यानुसार, मालिकेच्या जगात ते वाचले.

३. तारीख ओळखीची वाटली ना? १४ जानेवारी १७६१, पानिपत. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत हेच तंत्र फार पूर्वी योजले होते. कथेतले इतिहासाचे प्राध्यापक एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागतच नाही. ती कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात.

४. कथा म्हणून हे वळण अप्रतिम आहे. इतिहास म्हणून मात्र ते तपासायला हवे. मराठ्यांची रसद तुटलेली होती, छावणी उपाशी होती आणि अब्दालीने ताज्या दमाच्या तुकड्या राखून ठेवल्या होत्या. गोळी चुकली असती, तरी उपासमार चुकली असती का?

५. आता हीच कसोटी नागपूरला लावू. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजीराजे भोसले निधन पावले. पुत्र नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. राण्यांचा दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. पुढे राजघराण्याच्या जडजवाहिराचा लिलाव झाला.

६. पहिले सुचणारे वळण म्हणजे, राजांना पुत्र असता तर? ते पोकळ नाही; वारस लाभलेली ग्वाल्हेर आणि बडोद्याची संस्थाने १९४७ पर्यंत टिकली. पण कापूस पिकवणारा हा मुलूख आणि मुंबई-कलकत्ता मार्गावरचे त्याचे स्थान यांचा मोह कंपनीला होताच.

७. दुसरे वळण अधिक सूक्ष्म आहे. राजे आणखी दहा वर्षे जगले असते तर? १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हे धोरण सोडले. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. ज्या नियमाने नागपूर गेले, तो नियमच दशकभरात उरला नाही.

८. मात्र इथे कथानक स्वतःवरच उलटते. इंग्रजांनी धोरण बदलले ते उठावामुळे. आणि सातारा, नागपूर, झाशी खालसा झाल्याचा रोष हे त्या उठावाचे एक कारण होते. नागपूर वाचवायला एक धागा ओढावा, तर ज्या घटनेने ते वाचणार तीच सैल होते. काळप्रवासाच्या मालिकांना शोभेल असा हा पेच आपल्या सीताबर्डीच्या पायथ्याशी घडून गेला आहे.

९. म्हणून मालिकेतल्या पुढच्या धक्क्याला दाद जरूर द्या. पण लगेच विचारा, या एका बदलाने कोणते कारण नाहीसे झाले आणि कोणती कारणे तशीच उरली? 'असे झाले असते तर' हा प्रश्न एवढ्या काटेकोरपणे विचारला, तर तो करमणूक न राहता इतिहासाचा अभ्यास होतो.