फर्मवेअरच्या दुरुस्तीचा प्रश्न : एक ऐतिहासिक विचार

घरी सुटे भाग जोडून सिद्ध केलेल्या संगणकाचे फर्मवेअर व ड्रायव्हर वेळोवेळी अद्ययावत करावे, की जे सुरळीत चालले आहे त्याला हात लावू नये, ह्या प्रश्नावर दोन पक्ष आढळतात. दोन्ही पक्ष आपले मत एखाद्या सूत्रासारखे सांगतात. परंतु ही सूत्रे निरनिराळ्या काळच्या अनुभवांतून निघाली आहेत. तो काळ ध्यानी घेतल्यावाचून त्यांचे मोल ठरविता येणार नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. तथापि बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा त्याचा संग्रह अशाच एका स्वतः जोडलेल्या यंत्रावर असल्यामुळे हा प्रश्न त्याला केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'फर्मवेअर' हा शब्द ॲशर ओप्लर ह्यांनी १९६७ साली 'डेटामेशन' ह्या नियतकालिकातील लेखात योजिला. संगणकाच्या नियंत्रण-स्मृतीत ठेवलेल्या सूक्ष्म आज्ञावलींना त्यांनी हे नाव दिले. पुढे शब्दाचा अर्थ सरकला, आणि चिपमध्ये कायमची कोरलेली आज्ञावली असा तो रूढ झाला. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील बायॉस ह्याच जातीचे होते. त्याच्या आरंभीच्या प्रतींना जोडपत्रावरील रॉम ओळखता येत नसे. ती सोय २७ ऑक्टोबर १९८२ ह्या दिनांकाच्या प्रतीत आली. जुन्या यंत्राला हार्ड डिस्क जोडावयाची, तर चिपच बदलावी लागे. त्या काळी दुरुस्ती म्हणजे वस्तूची अदलाबदल होय. 'करावी की न करावी' हा प्रश्न रोजचा नव्हता.

फ्लॅश स्मृतीने ही स्थिती पालटली. १९९० नंतरच्या दशकात मदरबोर्डावरील बायॉस जागच्या जागी पुन्हा लिहिता येऊ लागले. परंतु जे लिहिता येते ते बिघडविताही येते. लेखन चालू असता वीज गेली, तर यंत्र सुरूच होत नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' ह्या विषाणूने अनेक यंत्रांचे बायॉस खोडून टाकले, तेव्हा हा धोका सर्वांना दिसला. 'चालत्याला हात लावू नये' हे सूत्र ह्या काळाच्या अनुभवाशी जुळणारे आहे, आणि त्या काळापुरते ते शहाणपणाचेच होते.

दुसऱ्या सूत्राचे मूळ प्रोसेसरच्या इतिहासात आहे. १९९४ साली पेंटियमच्या भागाकारात दोष आढळला. तो बाहेरून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. प्रोसेसर बदलून देणे इंटेलला भाग पडले व त्यापायी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मायक्रोकोडची दुरुस्ती यंत्र सुरू होताना बायॉसकरवी प्रोसेसरमध्ये भरता येऊ लागली. वीज बंद होताच ती पुसली जाते. म्हणून ती दर वेळी भरावी लागते. अर्थात बायॉस जुने राहिले, तर प्रोसेसरचे दोषही बहुधा जुनेच राहतात.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन हे दोष उघड झाले, तेव्हा अद्ययावत करण्याच्या पक्षाला बळ आले. पण त्याच महिन्यात नव्या मायक्रोकोडामुळे यंत्रे अवचित पुन्हा सुरू होऊ लागली, आणि २२ जानेवारीस इंटेलनेच त्याचे वितरण थांबविण्यास सांगितले. म्हणजे घाईचा पक्षही निर्दोष ठरला नाही. उलट २०२४ साली इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर वाजवीहून अधिक व्होल्टेज मागून झिजत असल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्टमध्ये आलेला ०x१२९ हा मायक्रोकोड पुढील हानी रोखण्यासाठी होता. झालेली हानी मात्र त्याने भरून येत नव्हती. येथे जुन्या सूत्रावर विसंबून स्वस्थ बसणाऱ्याचा प्रोसेसरच पणास लागला.

ड्रायव्हरची गोष्ट काहीशी निराळी आहे. तो डिस्कवर असतो, प्रचालन प्रणाली त्याला हाक मारते, आणि बिघडल्यास बहुधा मागील प्रत परत आणता येते. फर्मवेअरला ही सवलत नेहमीच मिळत नाही. म्हणून दोहोंना एकच नियम लावणे हा विचाराचा आळस होय.

तयार यंत्र विकणारा एक उत्पादक सर्व भागांची परस्परांशी सांगड घालून पाहतो. स्वतः जोडणाऱ्याच्या बाबतीत ते काम त्याच्याच अंगावर पडते. त्याने 'नवी प्रत आली का?' एवढेच न विचारता 'ही प्रत कोणता दोष दूर करते, आणि तो दोष माझ्या यंत्रात आहे का?' असे विचारावे. सुरक्षिततेचा किंवा झिजेचा दोष असेल, तर विलंब करू नये; केवळ नव्या भागांना आधार देणारी प्रत असेल, तर थांबण्यास हरकत नाही. मात्र लेखनापूर्वी संग्रहाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, डिस्क कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी असावी, आणि विजेचा भरवसा असावा. ज्या बोलींचे निवेदक आज हयात नाहीत, त्यांचा आवाज ज्या यंत्रात आहे, त्या यंत्रापुढे बसून प्रस्तुत लेखकाने हाच क्रम पाळला : आधी प्रत, मग दुरुस्ती.