सिझर झालं तरी अंगावर पाजता येतं. टाके सुकायची वाट पाहू नका

सिझर झालेल्या बाईला ‘टाके ओले आहेत, दोन दिवस वरचं दूध द्या’ असा सल्ला घरातून हमखास मिळतो. हा समज चुकीचा आहे. वार पडली की शरीर दूध तयार करायच्या कामाला लागतं. बाळंतपण साधं झालं की सिझर, याचा त्याला अडथळा नाही.

पहिलं दूध कधी?
मणक्यात इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर बाई शुद्धीवरच असते. अशा वेळी नर्सच्या मदतीने तासाभरात बाळ छातीशी लावता येतं. पूर्ण भूल असेल तर नीट शुद्ध आली की लगेच. सुरुवातीचं पिवळसर घट्ट दूध म्हणजे चीक. तो चमचाभरच येतो, पण बाळाला तेवढा पुरतो. तो पिळून टाकू नये. सिझरनंतर दूध भरायला कधी एखादा दिवस जास्त लागतो. तोवरही बाळाला वारंवार ओढू द्यावं. मध, गुटी, साखरपाणी देऊ नये.

पाजायचं कसं?
• कुशीवर झोपून, बाळ समोर घेऊन. पोटावर भार येत नाही.
• बसून पाजताना बाळ काखेखाली धरावं, पाय पाठीकडे, खाली उशी.
• दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं.
• गुंगी असेपर्यंत घरचं माणूस जवळ हवं.

गोळ्यांचं काय?
पॅरासिटामॉल चालते. सिझरनंतर सहसा दिली जाणारी बरीचशी अँटिबायोटिकंही चालतात. मात्र ‘मी अंगावर पाजते’ हे डॉक्टरांना सांगावं. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नये आणि दुखणं अंगावरही काढू नये. दुखत राहिलं तर पाजणंही अवघड जातं.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर?
हात स्वच्छ धुऊन दर दोन-तीन तासांनी दूध हाताने काढावं. ते कसं द्यायचं, हे तिथली नर्स सांगते. काढणं थांबलं की दूध आटत जातं.

दवाखाना कधी गाठायचा?
टाक्यांतून पू, ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीला सूज, किंवा स्तनात लाल दुखरी गाठ आली तर. बाळ सुस्त असेल, ओढत नसेल, किंवा पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल तर थांबू नये.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. घरी आल्यावर सातव्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत आशाताईंच्या पाच भेटी ठरलेल्या असतात. बाळ नीट ओढतंय का, हे त्यांना समोर बसून पाहायला सांगावं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच दूध; वरून पाणीसुद्धा नाही.