समावेशन, अनेक ओळींचे (एसक्यूएल भाषेतील)

डेटाबेसमधील कोष्टकात नव्या ओळी घालण्याच्या क्रियेस समावेशन म्हणतात. एसक्यूएल भाषेत त्यासाठी ‘इन्सर्ट’ ही आज्ञा आहे. एका आज्ञेत एकच ओळ घालावी की अनेक, हा प्रश्न वरवर लेखनसोयीचा वाटतो. परंतु कामाचा वेग आणि नोंदी अर्धवट राहण्याचा धोका या दोहोंशी त्याचा निकट संबंध आहे.

एका व्यक्तीस एक कार्ड ही रीत हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रित कार्डांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत रूढ केली. एकेका नोंदीवर क्रमाने संस्कार करण्याची ही सवय पुढे संगणकांनीही उचलली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात मात्र कोष्टक म्हणजे ओळींचा संच मानला असून क्रिया संपूर्ण संचावर होतात. त्याच पायावर आयबीएम कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

अमेरिकेत १९८६ मध्ये ठरलेल्या पहिल्या मानकात समावेशनाची दोनच रूपे होती. पृच्छेचे उत्तर म्हणून मिळालेल्या कितीही ओळी एकदम घालता येत. ‘व्हॅल्यूज’ या शब्दापुढे मूल्ये लिहून दिल्यास मात्र एकच ओळ जाई. म्हणजे डेटाबेसमध्ये आधीच असलेली माहिती हजारोंनी हलवावी आणि बाहेरून आलेली यादी कार्डांप्रमाणे एकेक करून भरावी, अशी स्थिती होती. संचविचारावर उभ्या असलेल्या भाषेत ही उणीव खटकणारीच होय. एकेका ओळीच्या पृच्छा ‘युनियन ऑल’ने जोडून अनेकांनी तीतून वाट काढली.

१९९२ च्या मानकाने ‘व्हॅल्यूज’पुढे स्वल्पविरामांनी विभागलेल्या अनेक ओळींना मान्यता दिली, तथापि तिचा प्रसार अतिशय विषम झाला. मायएसक्यूएलमध्ये ही सोय १९९० च्या दशकातच आली. पोस्टग्रेएसक्यूएलने ती २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २००८ च्या आवृत्तीत, एसक्यूलाइटने २०१२ मध्ये, तर ऑरॅकलने थेट २०२३ मध्ये दिली.

प्रत्येक स्वतंत्र आज्ञेसाठी संदेशाची ये-जा व आज्ञेचे विश्लेषण करावे लागते. ती लगेच पक्की केल्यास नोंदवही चकतीवर उतरवण्याचा वेळही जातो. एकत्रित आज्ञेत हा खर्च एकदाच होतो. याहून महत्त्वाची बाब म्हणजे अविभाज्यता. शंभर कर्मचाऱ्यांच्या वेतनयादीत एकसष्टावा क्रमांक पुनरुक्त निघाला, तर सुट्या व लगेच पक्क्या होणाऱ्या आज्ञांमुळे साठ ओळी कोष्टकात राहतात आणि यादी पुन्हा चालवल्यास त्यांच्याशीच टक्कर होते. एकत्रित आज्ञेत एकही ओळ शिरत नाही. मायएसक्यूएलमधील मायआयसॅम प्रकारची कोष्टके याला अपवाद होत. तेथे चुकीपूर्वीच्या ओळी तशाच राहतात.

एकत्रीकरणालाही मर्यादा आहेत. एसक्यूएल सर्व्हर अशा आज्ञेत १,००० पेक्षा जास्त ओळी स्वीकारत नाही. लाखो ओळींसाठी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘कॉपी’ व मायएसक्यूएलमध्ये ‘लोड डेटा’ या आज्ञा वापरतात. त्या फाइलमधून ओळी सरळ वाचून घेतात.