गडावरचा शेंदूर

सप्तशृंगगडावरच्या देवीचे जे रूप नाशिक-खानदेशातल्या घरोघरच्या तसबिरींत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते शेंदराने घडवलेले रूप आहे. भगवी काया, मोठाले डोळे, दोन्ही अंगांना नऊ-नऊ हात. २०२२च्या जुलैत दर्शन बंद ठेवून जाणकारांच्या देखरेखीखाली हे थर उतरवायला घेतले, तेव्हा हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला. २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दरवाजे उघडले आणि भाविकांपुढे उभी राहिली ती कड्याच्याच दगडात कोरलेली, दागिन्या-आयुधांसकट घडवलेली मूर्ती. देवीची सेवा अनेक परींनी होते. नवरात्रातला उपास माणूस स्वतःच्या देहावर सोसतो, चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्यांची गाणी घाटातच विरतात. शेंदूर तेवढा साचतो. म्हणून या भक्तीचा इतिहास वजनात मोजायची सोय फक्त शेंदरात आहे. आणि तो एक कोडेही घालतो. ओबडधोबड दगडाला रूप द्यायला शेंदूर लावतात, हे आपण धरून चाललेलो असतो. इथे तर कारागिराने घडवलेले रूप आधीच होते. मग त्यावर लेप कशासाठी?

आधी वस्तू काय ते पाहू. कुंकू हळदीपासून होते, हिंगूळ पाऱ्याचा आणि गेरू मातीचा. शेंदूर मात्र शिशाचा. शिसे हवेत तापवत ठेवले की त्याचे पिवळट मुर्दाडशिंग होते आणि तेच पुढे बेताच्या आंचेवर बराच वेळ राहिले की नारिंगी शेंदूर. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. संस्कृतात ‘नाग’ म्हणजे शिसेही, आणि अमरकोशाने सिंदुराला ‘नागसंभव’ असा पर्याय दिला आहे. मराठी शब्द प्राकृतातल्या ‘सेंदूर’मधून आला, म्हणजे तो पोथीतून उतरलेला नाही, बोलण्यातून आलेला आहे. गेरू डोंगरात फुकट मिळतो, शेंदूर बाजारातून आणावा लागतो. सातवाहनांनी याच मुलखात शिशाची नाणी चालवली आणि भडोच बंदरात परदेशी शिसे उतरत असल्याची नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. एवढ्यावरून त्या काळी देवाला शेंदूर लागत होता असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण धातू या वाटेवर खेळता होता, इतके नक्की.

शेंदराचे सगळ्यात प्रसिद्ध स्पष्टीकरण दामोदर धर्मानंद कोसंबींचे. पुण्याच्या परिसरातल्या माळांवर आणि तिठ्यांवर आयांची ठाणी हिंडून पाहिल्यावर त्यांनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त मांडले, की हा लाल लेप म्हणजे पूर्वीच्या रक्ताचा बदली, बळी थांबला, रंग राहिला. पुष्कळ ठिकाणी हे पटते. पण गडावर अडते. तिथे दसऱ्याला बोकडाचा बळी देण्याची प्रथा होती. त्या वेळच्या सलामीच्या गोळीबारात काही जण जखमी झाल्यावर ती बंद करण्यात आली, आणि आदिवासी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२मध्ये तिला सशर्त परवानगी दिली. म्हणजे ज्या वर्षी शेंदूर उतरला त्याच वर्षी बळी परतला! दोघांचा परस्परांशी बदलीचा संबंध असता, तर शेकडो किलो शेंदूर चढत असताना बळी केव्हाच गळून पडायला हवा होता. दोन्ही एकाच देवीपाशी सुखाने नांदत आले. शिवाय रंगाचाही प्रश्न आहे. सुकलेले रक्त काळपट तपकिरी दिसते. त्याची नक्कल करायची तर पायाखालचा गेरू जास्त जवळचा होता. पैसे मोजून नारिंगी भुकटी आणणाऱ्याला रक्ताखेरीज आणखी काही हवे असले पाहिजे.

ते काय, याचा माग साडेतीन पीठांतच लागतो. कोल्हापूरची अंबाबाई आणि तुळजापूरची भवानी या दोघी घडवून बसवलेल्या मूर्ती. त्यांना शेंदराचा लेप नाही. तुळजाभवानीची मूर्ती तर जागची हलवता येते. माहूरची रेणुका म्हणजे तांदळा, नुसते मुख. ती शेंदरात आहे. वणीची, म्हणजे आपल्या सप्तशृंगगडावरची देवी कोरलेली असूनही कड्यापासून सुटलेली नाही, आणि भक्त तिला स्वयंभूच म्हणतात. माझा तर्क असा, की शेंदूर चढतो तो न आणलेल्या देवाला. जो देव बाहेरून आणून, मंत्र म्हणून बसवला, त्याला प्रतिष्ठेचा विधी असतो. जो आधीपासून जागेवरच होता, त्याची प्रतिष्ठा कुणी आणि केव्हा करायची? तिथे लेप हाच विधी, आणि तो दर वेळी नव्याने करता येतो. कारागिराने कितीही हात कोरले, तरी लोकांच्या लेखी ती डोंगराची देवी होती, म्हणून डोंगराच्या दगडाचा मान तिलाही मिळाला.

यावर कुणी म्हणेल, वेशीवरचा मारुती तर घडवून आणलेला असतो, त्याला का शेंदूर? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या तर्काला थोडी मुरड घालायला लावतो. मारुती उघड्यावर असतो, आणि तेलात खललेला शेंदूर पाण्याला दाद देत नाही. शिशामुळे तेल लवकर आळते आणि कडक पापुद्रा धरतो. लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंज लागू नये म्हणून हाच रंग जगभर वापरला गेला तो याच गुणामुळे. कुंकू पहिल्या पावसात वाहून जाते, गेरू धुपतो. पाऊस झेलणाऱ्या देवाला शेंदूर मानवला आणि तिथून तो ग्रामदैवताची खूणच होऊन बसला. तुकोबांनी अशा शेंदूर माखलेल्या दैवतांची टर उडवली आहे. पण विठोबाला निष्ठा वाहिलेल्या वारकऱ्याने गावोगावच्या दगडांवर चिडणे समजू शकते, आणि त्या चिडीतून निदान इतके कळते की सतराव्या शतकात असे दगड पावलोपावली होते.

शिसे विषारी आहे आणि थरांखाली कोरीव काम झाकले जाते, म्हणून गडावर जे केले ते योग्यच झाले असे मी म्हणेन. एरवी हे काम शेंदूर स्वतःच करतो. थर पेलेनासा झाला की एखाद्या पहाटे सगळे कवच निखळून खाली येते, गाव जमते, तुकडे वाजतगाजत नदीत सोडले जातात. त्यातला एखादा तुकडा कडेने पाहावा: एकावर एक पातळ पापुद्रे, मधूनमधून तेलाने काळवंडलेली रेघ, एखाद्या थरात चिकटून राहिलेला चांदीचा वर्ख. आणि दगडाला टेकलेल्या बाजूवर देवाच्या नाकाडोळ्यांचा उलटा ठसा.