नगरपालिका तक्रार ऐकत नाही? लोकायुक्त काय करू शकतात आणि काय नाही

भुसावळ हे मध्य रेल्वेचं मोठं जंक्शन. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १ लाख ८७ हजारांच्या वर. जवळून तापी वाहते, वरच्या अंगाला हतनूर धरण आहे. तरीही 'आपल्याकडे नळ कधी येणार?' हा इथल्या घराघरातला जुना प्रश्न. त्यात तुंबलेली गटार, बंद पडलेला पथदिवा आणि नगरपालिकेत अडकलेला दाखला यांची भर.

अशा तक्रारींचा प्रवास ठरलेला असतो. अर्ज दिला जातो, 'साहेब मीटिंगला गेलेत' असं उत्तर मिळतं, मग नगरसेवकाला फोन जातो. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांमध्ये मधली काही वर्षं तोही पर्याय नव्हता. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला आणि पुढच्या निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. या काळात व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं हाच अनेकांसाठी शेवटचा उपाय उरला.

पण नगरपालिकेला उत्तर द्यायला लावणारी एक यंत्रणा महाराष्ट्रात ५० वर्षांपेक्षा जास्त काळापासून आहे. ती म्हणजे लोकायुक्त.

लोकायुक्त हे पद आलं कुठून?

सरकारी कारभाराविरुद्ध नागरिकांची तक्रार ऐकणारा स्वतंत्र अधिकारी, ही कल्पना स्वीडनची. तिथे १८०९ मध्ये 'ओम्बड्समन' हे पद तयार झालं. भारतात १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांमध्ये लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली.

ओडिशाने १९७० मध्ये कायदा केला, पण प्रत्यक्षात कार्यालय सुरू करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र ठरलं. इथला कायदा १९७१ चा, तो लागू झाला ऑक्टोबर १९७२ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल हे पहिले लोकायुक्त.

२०११ च्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे 'लोकपाल' हा शब्द घरोघरी पोहोचला, पण त्याबरोबर एक गैरसमजही पसरला. ही यंत्रणा फक्त मंत्र्यांच्या मोठ्या घोटाळ्यांसाठी आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तुंबलेल्या गटारीची तक्रारही तिथे जाऊ शकते.

गाऱ्हाणं वेगळं, आरोप वेगळा

१९७१ च्या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत.

- गाऱ्हाणं : गैरकारभारामुळे नागरिकावर अन्याय झाला किंवा त्याला विनाकारण त्रास झाला तर. निष्काळजीपणा, अवाजवी दिरंगाई, भेदभाव, अन्यायकारक निर्णय हे सगळं गैरकारभारात येतं. ही तक्रार १२ महिन्यांच्या आत करावी लागते.
- आरोप : अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, लाच घेतली किंवा स्वतःचा फायदा करून घेतला असं म्हणणं असेल तर. यासाठी मुदत ३ वर्षांची आहे. सोबत प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं.

नगरपालिकेच्या बहुतेक तक्रारी पहिल्या प्रकारातल्या असतात. तिथे 'कोणीतरी पैसे खाल्ले' हे सिद्ध करण्याची गरज नसते. काम व्हायला हवं होतं आणि वाजवी कारण नसताना झालं नाही, एवढं दाखवलं तरी पुरतं.

अर्थात सगळंच गैरकारभारात मोडत नाही. धरणातून पाणी कमी सुटलं किंवा नव्या योजनेला निधीच मिळाला नाही, तर लोकायुक्त पाणी आणून देऊ शकत नाहीत. पण एका गल्लीला पाणी येतं आणि कारण न सांगता शेजारच्या गल्लीला महिनोन्महिने डावललं जातं, तर तो भेदभाव ठरू शकतो.

चौकशीत काय होतं?

तक्रारीत तथ्य दिसलं की तिची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याचं म्हणणं मागवलं जातं. कागदपत्रं मागवणं, साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, यासाठी लोकायुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. चौकशी गोपनीय असते.

खरा फरक इथेच पडतो. नगरपालिकेच्या खिडकीवर 'बघू, करू' हे उत्तर चालून जातं. लोकायुक्तांपुढे मात्र अर्ज कधी आला, कोणाच्या टेबलावर किती दिवस होता आणि पुढे का सरकला नाही, हे लेखी सांगावं लागतं.

पण आदेश देता येतो का?

नाही. ही या यंत्रणेची सगळ्यात मोठी मर्यादा आहे. लोकायुक्त शिफारस करतात. अन्याय दूर करा, अमुक मुदतीत करा, असं ते सक्षम प्राधिकाऱ्याला कळवतात आणि त्यावर काय कारवाई झाली याचा अहवाल मागतात. समाधान झालं नाही तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात आणि तो विधिमंडळासमोर ठेवला जातो. मात्र स्वतः दंड ठोठावणं किंवा अधिकाऱ्याला निलंबित करणं त्यांच्या हातात नाही.

शिवाय ज्या प्रश्नावर न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, तो लोकायुक्त साधारणपणे हाती घेत नाहीत.

मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं नवं लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं. त्यामुळे तक्रार करण्यापूर्वी लोकायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावरचे सध्याचे नियम आणि अर्जाचा नमुना पाहून घेणं गरजेचं आहे.

दाखला अडकला असेल तर दुसरा रस्ता

जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, नवीन नळजोडणी यांसारख्या सेवांसाठी लोकायुक्तांपर्यंत जाण्याआधी लोकसेवा हक्क कायदा आहे. २०१५ च्या या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. जळगाव जिल्हा नाशिक विभागात येत असल्याने भुसावळकरांचं आयोगापुढचं अपील नाशिकच्या सेवा हक्क आयुक्तांकडे जातं.

इथे दंडाची तरतूद आहे. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम छोटी असली तरी ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते.

ज्या प्रश्नांना अशी मुदतच नाही, म्हणजे गटार, कचरा, पाण्याचं वेळापत्रक, त्यांच्यासाठी क्रम साधारण असा :

१. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज आणि आवक क्रमांकासह पोच.
२. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन.
३. अर्जावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारणं. उत्तराची मुदत ३० दिवस.
४. तरीही काही झालं नाही, तर लोकायुक्त.

लोकायुक्त मुंबईत, तक्रारदार भुसावळात

लोकायुक्तांचं कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोर आहे. भुसावळहून ते रेल्वेने साधारण ४४० किलोमीटर. तक्रार टपालानेही पाठवता येते, पण नगरपालिकांसाठी जवळ, वेगळा लोकपाल महाराष्ट्रात नाही.

केरळमध्ये तो आहे. तिथे २००० पासून पंचायती आणि नगरपालिकांसाठी स्वतंत्र ओम्बड्समन काम करतो. तो नागरिकाला भरपाई मंजूर करू शकतो आणि झालेलं नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायला सांगू शकतो. तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ साठीच्या कामगिरी अनुदानाच्या अटींमध्ये स्थानिक संस्थांसाठी अशी स्वतंत्र व्यवस्था असावी, असं म्हटलं होतं.

तोवर तक्रारदाराचं मोठं हत्यार म्हणजे कागद. तोंडी तक्रारीला तारीख नसते, त्यामुळे दिरंगाईही मोजता येत नाही. पोच घेतलेला अर्ज, तारखेसह फोटो, स्मरणपत्राची प्रत आणि माहिती अधिकारातलं उत्तर, एवढं हातात असेल तर 'आमच्याकडे अर्जच आला नाही' हे उत्तर कुठेच टिकत नाही.