महागडा हेडफोन, तरी आवाज दबका? ॲम्प घेण्याआधी हे दोन आकडे पाहा

हजारो रुपये मोजून नावाजलेला हेडफोन घ्यायचा, मोबाइलला जोडायचा आणि आवाज ऐकून हिरमुसायचं, असा अनुभव अनेकांना येतो. तबल्याची थाप बोथट, खर्ज पातळ, आवाज पूर्ण वाढवूनही मजा नाही. अशा वेळी दोष बरेचदा हेडफोनचा नसतो. त्याला लागणारी वीज मोबाइलकडून मिळत नसते. म्हणून ॲम्प्लिफायर, म्हणजेच ॲम्प लागतो. पण गरज नसताना घेतलेला ॲम्प म्हणजे पैसे पाण्यात.

नुसते ओहम पाहून फसू नका

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. पहिला इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध; तो ओहममध्ये मोजतात. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो ते.

‘ओहम जास्त तर ॲम्प हवाच’ हा समज अर्धवट आहे. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टवर १०३ डेसिबल आवाज देतो. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण १ मिलिवॉटवर जेमतेम ८३.५ डेसिबल देतो. दोघांना ११० डेसिबलपर्यंत न्यायचं तर पहिल्याला सुमारे १७ मिलिवॉट पुरतात, दुसऱ्याला जवळपास ४५० लागतात. ओहम कमी, पण भूक पंचवीसपट!

११० कशाला? सरासरी ८० डेसिबलवर ऐकतानाही एखादी जोरकस थाप क्षणभर २०-२५ डेसिबल वर जाते. तेवढी ताकद राखीव नसेल तर नेमकी तीच थाप चिरकते. दर १० डेसिबल वाढीला दहापट वीज लागते, हेही लक्षात असू द्या. मोबाइल किंवा साधा टाइप-सी डोंगल साधारण अर्धा ते एक व्होल्टच देतो.

ॲम्प निवडताना

ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. तो जास्त असेल तर काही हेडफोनचा बेस फुगतो आणि मूळ आवाजाचा तोल जातो.

गेनचं बटण आधी ‘लो’वर ठेवा. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवण्याआधी ॲम्पची खुंटी खाली आणा, हेडफोन कानाला लावा आणि मग ती हळूहळू फिरवा.

दुकानात दोन ॲम्प ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा ॲम्प कानाला ‘चांगला’ वाटतो आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

ॲम्प काय करू शकत नाही

मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते ॲम्प आणू शकत नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. पण त्या काळच्या तबकड्यांतली खरखर आणि आखूड पट्टी कितीही महाग ॲम्प लावला तरी जात नाही.

कान सांभाळा

ताकद हाताशी आली की खुंटी नकळत पुढे सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलवर ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. कानात शिट्टी वाजू लागली तर आवाज मोठा होतोय, हे समजावं.

थोडक्यात, मोबाइलचा आवाज साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवून गाणं मोकळं, स्वच्छ वाजत असेल तर ॲम्पचे पैसे वाचले. पूर्ण वाढवूनही कमी पडत असेल, तरच दुकानाची पायरी चढा.